नागीण : पुरळ कातडीवर, आजार नसेचा

रानवारा

नागीण म्हटलं की फोड डोळ्यासमोर येतात. लाल पट्टा, त्यावर पाण्याने भरलेले दाणे. मी त्वचारोग विभागात काम करतो. तिथे येणारा प्रत्येक जण आधी कपडा वर करून फोड दाखवतो आणि "यावर काहीतरी लावायला द्या" म्हणतो. लावण्यासारखं फारसं काही नसतं. फोड हे या आजाराचं शेवटचं टोक. मुख्य प्रकार कण्याशेजारी, काही दिवस आधीच घडून गेलेला असतो. या मंचावर नागिणीबद्दल तुटक तुटक बोलणं बरंच झालंय, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

कांजिण्या आणि नागीण हे दोन्ही एकाच विषाणूचे उद्योग. नाव व्हॅरिसेला झोस्टर. कांजिण्यांच्या खपल्या पडल्या, ताप उतरला की आपल्या लेखी प्रकरण संपतं. विषाणू मात्र शरीराबाहेर जात नाही. कातडीकडून संवेदना आणणाऱ्या नसांच्या पेशी जिथे एकत्र गोळा झालेल्या असतात, त्या गँग्लियॉन नावाच्या गाठींमध्ये तो मुक्काम ठोकतो. कण्याच्या दोन्ही बाजूंना अशा गाठींच्या जोड्या ओळीने असतात, चेहऱ्यासाठी कवटीत वेगळी जोडी असते. तिथे तो स्वतःचा डीएनए पेशीच्या केंद्रकात ठेवून नुसता पडून राहतो. चाळीस वर्षं, साठ वर्षं, बहुतेकांच्या बाबतीत मरेपर्यंत.

त्याला दाबून ठेवतात त्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. लोक विचारतात, कांजिण्या होऊन गेल्या म्हणजे अँटिबॉडी तयार झाल्या ना, मग नागीण कशी होते? अँटिबॉडी असतातच. नागीण झालेल्यांच्या रक्तातही त्या सापडतात. पण नसेच्या पेशीत दडून बसलेल्या विषाणूवर त्यांचा वचक नाही. वचक टी-पेशींचा, आणि तो पन्नाशीनंतर सैल पडत जातो. केमोथेरपी, अवयवरोपणानंतरची औषधं, महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, एचआयव्ही, संधिवातावरची जॅक इनहिबिटर गटातली औषधं यांनी तो तरुणपणीही सैल पडतो.

मग एखाद्या गाठीतला विषाणू उठतो. सगळ्या गाठींतला नाही, एखाद्याच. त्या गाठीला सूज येते, काही पेशी मरतात, आणि नवे विषाणू त्याच नसेच्या तंतूंतून कातडीकडे निघतात. हा प्रवास चालू असताना बाहेर काहीही दिसत नाही, आत नस मात्र पेटलेली असते. म्हणून आधी दुखणं, मागून फोड. आग होते, मुंग्या येतात, सुई टोचल्यासारखं होतं, काहींना नुसती खाज सुटते. छातीवर असेल तर हृदयविकाराची शंका येते, उजव्या बरगडीखाली असेल तर पित्ताशयाची, कमरेत असेल तर मुतखड्याची. या एक ते पाच दिवसांत भल्याभल्या डॉक्टरांना निदान सापडत नाही. दिसतच नाही तर सापडणार काय!

प्रत्येक गाठीची कातडीवर आपापली हद्द ठरलेली आहे. तिला डर्मॅटोम म्हणतात. धडावर ती पट्ट्यासारखी असते: पाठीच्या मध्यापासून पोटाच्या किंवा छातीच्या मध्यापर्यंत, एकाच बाजूला. हेन्री हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी १९०० साली नागीण झालेल्या मृत रुग्णांच्या गाठी तपासून या हद्दींचा नकाशा मांडला. आज वैद्यकाच्या पुस्तकात असतो त्या नकाशात त्या कामाचा मोठा वाटा आहे. नागीण सर्वांत जास्त धडावर होते, त्याखालोखाल कपाळ आणि डोळ्याच्या भागात.

फोडांबद्दल थोडक्यात. आधी लालसर चट्टे, त्यावर घोसाघोसाने दाणे. तीन ते पाच दिवस नवे येत राहतात, मग गढूळ होतात, फुटतात, सात ते दहा दिवसांत खपली धरतात. कातडी पूर्ववत व्हायला दोन ते चार आठवडे.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर ही औषधं विषाणूची वाढ थांबवतात, मेलेली पेशी परत आणत नाहीत. म्हणून पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करायची. असायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा घ्यावं लागतं, व्हॅलासायक्लोव्हिर तीन वेळा. दोन्हींचा डोस मूत्रपिंडाच्या कामावर ठरतो, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली पातळी) वाढलेलं असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा. ७२ तास उलटले आणि नवे फोड अजून येतायत, किंवा डोळा-कानाजवळ आहे, किंवा प्रतिकारशक्ती कमी आहे, तर उशिरा का होईना, औषध देतातच. असायक्लोव्हिरचं मलम मात्र नागिणीवर काही कामाचं नाही. विषाणू नसेत आणि मलम कातडीवर.

प्रश्न विचारा. फक्त फोटो टाकून निदान मागू नका.

कावळोबा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस दगावतो असं ऐकत आलोय. तुम्ही तर म्हणताय एकाच बाजूला असते. मग भिडणार कशी?

रानवारा

भिडतच नाही, कावळोबा. डाव्या गाठीची हद्द मध्यरेषेपाशी संपते. चुकारसा एखादा दाणा पलीकडे दिसतो, एवढंच. क्वचित दोन्ही बाजूंना झालेली पाहायला मिळते, पण तीही वर्तुळ पूर्ण झालं म्हणून जीव घेत नाही.

भीती बाळगायचीच तर वेगळ्या गोष्टीची बाळगा. पट्टा सोडून अंगभर, कांजिण्यांसारखे विखुरलेले दाणे येऊ लागले तर विषाणू रक्तात उतरलाय. हे बहुतेक करून प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात होतं आणि त्यात फुप्फुस, यकृत, मेंदू यांना धोका असतो. तिथे गोळ्यांवर भागत नाही, भरती करून शिरेतून असायक्लोव्हिर द्यावं लागतं.

संध्याछाया

मला छातीच्या डाव्या बाजूला झाली होती. फोड येण्याआधी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. फोड दिसल्यावर निदान झालं. ते सगळं ठीक. पण खपल्या पडून गेल्यावर घरचे "झालीस बरी" म्हणून मोकळे झाले आणि माझा खरा त्रास तिथून सुरू झाला.

पंख्याचा वारा लागला तरी चटका बसतो. रात्री चादर त्या भागाला लागू नये म्हणून कुशीवर उशी लावून झोपते. कपडे सैल, तेही सुती. आणि गंमत बघा (गंमत कसली!), तपासताना डॉक्टरांनी तिथे कापसाचा बोळा अलगद फिरवला तर मी कळवळले. मग टोकदार काडीने टोचून बघितलं, तर "टोचलं का?" विचारल्यावर मला कळलं की टोचत होते. कापूस दुखतो आणि काडी कळत नाही, हे कसं काय? बाहेरून कातडीवर फिकट डाग सोडले तर काही नाही, त्यामुळे कुणाला सांगितलं तर नाटक वाटतं.

रानवारा

संध्यातै, नाटक नाही. तुम्ही लिहिलंय ते पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जियाचं अगदी नेमकं वर्णन आहे. फोड गेल्यावर ९० दिवसांहून जास्त दुखत राहिलं की त्याला हे नाव देतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या आकड्यांनुसार नागीण झालेल्या १० ते १८ टक्के लोकांना हे होतं. वय वाढेल तसा धोका वाढतो, चाळिशीच्या आत फार कमी. सुरुवातीला वेदना जबर असेल, फोड दाट असतील, फोडांच्या आधीच खूप दुखलं असेल, तर हे मागे लागण्याची शक्यता जास्त.

कापूस आणि काडीचं म्हणाल तर दोन वेगवेगळ्या बिघाडांचा तो एकत्र परिणाम आहे. काही तंतू मेले, त्यामुळे त्यांचा भाग बधिर झाला; काडी टोचली तरी निरोप वर जातच नाही. जे तंतू वाचले ते जखमी आहेत, कुणी हात न लावताही संदेश सोडत राहतात. त्यात मज्जारज्जूतल्या पुढच्या पेशी या सततच्या माऱ्याने इतक्या हळव्या होऊन बसल्यात की साध्या स्पर्शाचा निरोपही त्या वेदना म्हणून वर पाठवतात. म्हणून साध्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फार उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन ही नसेवर चालणारी औषधं लागतात. फिट्सची आणि नैराश्याची औषधं का दिली म्हणून पेशंट माझ्यावर चिडतात. इथे ती वेदनेसाठीच दिलेली असतात. लिडोकेनचा पॅच कापडाच्या घासण्यावर चांगला चालतो, पण फक्त धड कातडीवर लावायचा, फोड ओले असताना नाही.

खवचट

एवढी मोठी नावं वाचून दडपण आलं. आमच्या मावशीला एकाने कसलासा लेप दिला, पंधरा दिवसांत ठणठणीत. एक गोळी घेतली नाही. आता बोला.

बाराखडी

खवचटराव, बोलतो. वर रानवारांनीच लिहिलंय की फोड दोन ते चार आठवड्यांत आपसूक बरे होतात. मावशींनी लेपाऐवजी नुसतं कॅलेंडर बघितलं असतं तरी तारीख तीच आली असती. त्यामुळेच या आजारावर ज्याचं त्याचं औषध "लागू पडतं". लेपाने फायदा झाला की नाही हे फोडांवरून ठरत नाही, तीन महिन्यांनी दुखतंय का यावरून ठरतं, आणि तेव्हा लेपवाल्याकडे कुणी परत जात नाही.

रानवारा

+१. भर घालतो: ओल्या फोडांवर काहीबाही थापल्यामुळे जिवाणूंचा संसर्ग झालेले पेशंट मी नेहमी बघतो. भोवतीची लाली वाढत गेली, पू आला, ताप चढला तर समजायचं. अँटिबायोटिक तेव्हाच लागतं, एरवी नाही. जागा साध्या पाण्याने धुवा, कोरडी ठेवा, न चिकटणाऱ्या सैल पट्टीने झाका. पुरे.

बाराखडी

आता माझ्या आवडीचं अवांतर. कांजिण्या आणि नागीण यांचं नातं प्रयोगशाळेच्या आधी घरोघरी फिरणाऱ्या डॉक्टरांना दिसलं. हंगेरीच्या बोकाय यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस नोंदवलं की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की पाठोपाठ मुलांना कांजिण्या येतात. १९५०च्या दशकात थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांतला विषाणू पेशींवर वाढवून तो एकच असल्याचं दाखवलं. पण मोठ्या माणसात तो येतो कुठून, बाहेरून की आतून? एडगर होप-सिम्पसन हे इंग्लंडातल्या सिरेन्सेस्टरचे साधे फॅमिली डॉक्टर. आपल्याच रुग्णांच्या १६ वर्षांच्या नोंदी ठेवून १९६५ साली त्यांनी मांडलं की नागीण म्हणजे जुन्याच विषाणूचं जागं होणं. वयाबरोबर तिचं प्रमाण कसं चढत जातं हेही त्यांनीच दाखवलं. त्यांचं मूळ म्हणणं आजही टिकून आहे.

असायक्लोव्हिरची गोष्टही झकास. गोळी पोटात जाते तेव्हा ते औषध निष्क्रिय असतं. विषाणूचंच थायमिडिन कायनेज हे एन्झाइम त्याला पहिला फॉस्फेट जोडून कामाला लावतं. म्हणजे जिथे विषाणू, मुख्यतः तिथेच औषध चालू होतं, निरोगी पेशी बऱ्याच अंशी सुटतात. गर्ट्रूड एलियन यांच्या गटाचं काम. त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

पाऊलवाट

माझं वय तिशीचं. नागीण झाल्यावर डॉक्टरांनी एचआयव्हीची चाचणी लिहून दिली आणि माझी झोप उडाली. कागदावर वर हर्पीस झोस्टर (नागिणीचं वैद्यकीय नाव) लिहिलेलं, त्यामुळे घरात वेगळेच प्रश्न. चाचणी निगेटिव्ह आली. कामाचा ताण होता हे खरं, त्यानेच झालं असेल का?

रानवारा

कमी वयात नागीण दिसली की ही चाचणी सुचवायची पद्धत आहे, संशय घेतला म्हणून नव्हे. बहुतेकांची तुमच्यासारखीच निगेटिव्ह येते. आणि ज्याच्याबद्दल घरी प्रश्न आले तो लैंगिक संबंधातून पसरणारा हर्पीस सिम्प्लेक्स, कुळ एक पण विषाणू वेगळा. घरच्यांना हा धागा वाचायला द्या.

ताणाचं नाव सगळेच घेतात. अभ्यासांतून मिळणारं उत्तर एकसारखं नाही, त्यामुळे मी पेशंटला "ताणाने झालं" असं सांगत नाही. आधीच दुखतंय, वर त्याला स्वतःला दोष द्यायला लावायचं कशाला?

सांजवेळ

माझ्या वडिलांना कालपासून कपाळावर डाव्या बाजूला फोड आहेत, पापणी सुजली आहे. फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. आज नाकाच्या शेंड्यावरही एक दाणा दिसतोय. दोन दिवसांनी परत दाखवायला बोलावलंय, तोवर थांबू का?

रानवारा

थांबू नका. गोळ्या चालू ठेवा आणि आजच नेत्रतज्ज्ञाला दाखवा. नाकाच्या शेंड्याला आणि बुबुळाला एकाच नसेचा फाटा जातो, त्यामुळे शेंड्यावर दाणा म्हणजे डोळ्यात विषाणू उतरण्याची शक्यता बरीच जास्त. याला हचिन्सनचं चिन्ह म्हणतात. डोळा लाल नसला, नजर साफ असली तरी स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघून घ्यायला हवं. बुबुळाला व्रण, आतली सूज, डोळ्यातला दाब वाढणं, यांतलं काहीही वेळेत धरलं तर नजर वाचते. दाणा नसता तरी पापणीवर फोड आहेत एवढं कारण पुरलं असतं.

असाच दुसरा अडचणीचा भाग कान. कानात किंवा कानाभोवती फोड आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा, म्हणजे रॅम्से हंट सिंड्रोम. चक्कर, कानात आवाज, ऐकू कमी येणं सोबत असू शकतं. चेहरा वाकडा झाला म्हणून सगळे अर्धांगवायू समजतात, कानात डोकावून कुणी बघत नाही.

सांजवेळ

दाखवून आले. बुबुळावर सुरुवात आहे म्हणाले, थेंब दिलेत, परवा परत बोलावलंय. रानवारा, आभार कसे मानू.

घरात माझी तान्ही मुलगी आहे आणि वहिनी गरोदर आहे. वडिलांपासून त्यांना नागीण होईल का?

रानवारा

डोळ्याचं वेळेत झालं, छान.

नागिणीपासून नागीण होत नाही. पण फोडांतल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो, तो अशा माणसाला लागला की ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, तर त्याला कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंतच हा धोका. चेहऱ्यावरचे फोड झाकणं अवघड, तेव्हा तेवढे दिवस बाळाला त्यांच्याजवळ देऊ नका, त्यांचा टॉवेल वेगळा ठेवा, हात धूत राहा. वहिनींना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का हे विचारा. झाल्या असतील तर काळजी नाही. नक्की माहीत नसेल तर प्रसूतितज्ज्ञांना आजच फोन करा, रक्ताच्या चाचणीने कळतं.

कावळोबा

लसीचं कुणीच काढलं नाही अजून. घ्यावी का? एकदा नागीण होऊन गेलेल्याने घेऊन उपयोग काय?

बाराखडी

दोन लशींची नावं येतात, त्यांची गल्लत होते. जुनी झोस्टाव्हॅक्स, २००६ ची, कमजोर केलेला जिवंत विषाणू. तिने नागिणीचं प्रमाण साधारण निम्म्यावर आणलं. नवी शिंग्रिक्स, २०१७ पासूनची. तिच्यात विषाणू नाहीच, त्याच्या पृष्ठभागावरचं ग्लायकोप्रोटीन ई आणि प्रतिकारशक्तीला डिवचणारं एक मिश्रण आहे. चाचण्यांत पन्नाशीपुढच्यांमध्ये ९७ टक्के आणि सत्तरीपुढच्यांमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं. इतक्या म्हाताऱ्या टी-पेशींना इतकं उठवणारी लस विरळाच.

एक ताजी गोष्ट. वेल्समध्ये झोस्टाव्हॅक्स देताना २ सप्टेंबर १९३३ ही जन्मतारखेची रेघ ठरली होती. त्याआधी जन्मलेल्यांना लस नाही. रेघेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेली माणसं बाकी सगळ्या बाबतीत सारखीच, म्हणजे आयता प्रयोग. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्यांमध्ये सात वर्षांत डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान सुमारे एकपंचमांशाने कमी आढळलं. कारण अजून उलगडलेलं नाही.

रानवारा

डिमेन्शियासाठी म्हणून लस घ्या असं मी आज कुणाला सांगणार नाही. नागिणीसाठी सांगेन. पन्नाशीनंतर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना अठरा वर्षांपासून देता येते, कारण तिच्यात जिवंत विषाणू नाही. दंड चांगलाच दुखतो, अंग मोडून येतं, ताप येतो. दोन-तीन दिवसांत उतरतं. पहिल्या डोसला त्रास झाला म्हणून दुसरा टाळणारे खूप भेटतात. असं करू नका, टिकाऊ संरक्षण दुसऱ्या डोसनंतर येतं. सीडीसीच्या अंदाजाप्रमाणे तीनातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी नागीण होते. त्यापुढे दोन दिवसांची अंगदुखी मला तरी परवडते.

होऊन गेलेल्यांनीही घ्यावी, कारण पुन्हा होऊ शकते. पुरळ पूर्ण गेल्यावर घ्यायची. चालू नागिणीवर किंवा फोडांनंतरच्या वेदनेवर तिचा उपचार म्हणून उपयोग नाही.

संध्याछाया

एक शेवटचं विचारते. प्रीगाबालिनने दुखणं निम्म्यावर आलंय, पण दिवसभर गुंगी असते, परवा जिना उतरताना तोल गेला. बंद करू का सरळ?

रानवारा

सरळ बंद नाही. एकदम थांबवलं तर झोप उडते, घाम येतो, मळमळतं, वेदना उसळते. फिट्सचा इतिहास असेल तर फिटही येऊ शकते. तोल गेल्याचं डॉक्टरांना उद्याच सांगा. डोस हळूहळू उतरवता येतो, किंवा रात्रीचा मोठा आणि सकाळचा छोटा असं वाटून देता येतं, सोबत लिडोकेनचा पॅच जोडता येतो: बारा तास लावायचा, बारा तास काढून ठेवायचा. झोपेची दुसरी कुठली गोळी चालू असेल तर तिचंही नाव सांगा, दोन्ही मिळून गुंगी वाढते. तोवर जिन्यावर कठड्याला धरून चाला.